संध्याकाळचा रस्ता आणि पिवळे जाकीट

कार्तिकी पौर्णिमा सरली की चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. त्याच दिवसांच्या आगेमागे नगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडते आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. दिवसही याच सुमारास आखडतो. पावणेसहा-सहाच्या दरम्यान सूर्य मावळू लागतो, आणि ज्या घरात चौविहाराचा नियम आहे त्या घरचा व्यापारी घोडेगाव, वांबोरी किंवा मिरजगावचा बाजार आटोपून, उधारीची वही कापडी पिशवीत घालून, सूर्यास्तापूर्वी घर गाठण्यासाठी मोटरसायकल जरा अधिक वेगाने दामटतो. पायी चालणारे श्वेतवस्त्रधारी साधू, दिवा नसलेली ट्रॉली आणि घाईतला दुचाकीस्वार, ही तिन्ही माणसे एकाच अरुंद रस्त्यावर, एकाच धूसर घटकेला एकत्र येतात. अहिल्यानगर असे जिल्ह्याचे नामांतर झाले. संध्याकाळचा हा रस्ता मात्र जुनाच राहिला आहे.

या घटकेसाठी हल्ली बाजारात एक उपाय सहज मिळतो. लिंबाच्या सालीसारख्या भडक पिवळ्या रंगाचे, छातीवर आणि पाठीवर रुपेरी पट्ट्या असलेले जाकीट. रस्त्यावर काम करणारे मजूर, वाहतूक पोलीस आणि टोलनाक्यावरचे कर्मचारी यांच्या अंगावर ते सर्वांनी पाहिले आहे. मोटरसायकल किंवा सायकल चालवणाऱ्याने ते घातले तर अपघात खरोखर टळतो, की ती केवळ मनाची समजूत आहे, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातील जवळपास पंचेचाळीस. व्यापारी कुटुंबात दुचाकी हे रोजचे साधन असल्याने हा आकडा दूरचा म्हणून सोडून देता येत नाही.

दुचाकीस्वारांच्या बाबतीत या प्रश्नाचा सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा अभ्यास न्यूझीलंडमधील ऑकलंडचा आहे. १९९३ ते १९९६ या काळात अपघातात जखमी झालेले किंवा मृत्युमुखी पडलेले ४६३ मोटरसायकलस्वार आणि त्याच रस्त्यांवर सुखरूप फिरणारे १,२३३ स्वार यांची तुलना संशोधकांनी केली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. चमकणारे अथवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्यांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांचा धोका २४ टक्क्यांनी कमी, आणि दिवसाही पुढचा दिवा लावून चालणाऱ्यांचा २७ टक्क्यांनी कमी. यातील एक बारीक गोष्ट कापडाचा व्यापार करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. शर्टाचा किंवा साध्या जाकिटाचा रंग कोणता, याने काहीच फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे घरातल्या साध्या पिवळ्या सदऱ्याला ते श्रेय देता येत नाही; चमक आणि परावर्तन हे गुण कापडातच असावे लागतात.

अशा तुलनेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो योग्यही आहे. जाकीट घालणारा माणूस मुळातच सावध प्रकृतीचा असतो. तो सावकाश चालवतो, वळताना मागे पाहतो, ओव्हरटेक करताना थांबतो. मग अपघात टळला तो जाकिटामुळे की स्वभावामुळे? हा गुंता सोडवण्याचा प्रामाणिक मार्ग एकच, तो म्हणजे चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना जाकीट द्यायचे आणि निम्म्यांना द्यायचे नाही. डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांवर हा प्रयोग झाला. ६,७९३ सायकलस्वारांनी वर्षभर त्यात भाग घेतला. ज्यांना पिवळे जाकीट मिळाले होते त्यांच्यात दुसऱ्या वाहनाशी किंवा माणसाशी टक्कर होऊन इजा होण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी निघाले. परंतु गंमत अशी की, सायकल एकट्याने घसरून पडण्याच्या घटनाही जाकीटवाल्यांनी कमी कळवल्या होत्या. जाकीट पाहून खड्डा काही बाजूला सरत नाही. तेव्हा जाकीट मिळालेल्यांनी आपले अपघात सांगताना थोडा हात आखडता घेतला असावा असे गृहीत धरून संशोधकांनी हिशोब दुरुस्त केला आणि ३८ टक्के हा आकडा पुढे ठेवला. हिशोबातील खोट स्वतः शोधून काढणाऱ्या माणसाचा ताळेबंद अधिक विश्वासार्ह असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातील इयान वॉकर यांच्या पुढाकाराने झाला. एका सायकलस्वाराने सात वेगवेगळे पोशाख आळीपाळीने घातले आणि मागून येणाऱ्या मोटारी किती अंतर सोडून पुढे जातात ते यंत्राने मोजले. हजारो मोटारींची नोंद झाली. पोशाख कोणताही असो, अंतर जवळजवळ तेवढेच राहिले, सुमारे ११७-११८ सेंटीमीटर. फक्त ज्या जाकिटावर ‘पोलीस’ हा शब्द आणि चित्रीकरण चालू असल्याची सूचना होती, त्याला मोटारचालकांनी १२२ सेंटीमीटर जागा दिली. आणि शंभरात एक-दोन चालक असे निघाले की जे काहीही घातले तरी अर्ध्या मीटरच्या आतून घासून गेले. त्यांना सायकलस्वार दिसत नव्हता असे म्हणता येणार नाही. दिसत होता, पर्वा नव्हती.

दोन्ही प्रयोग एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्याचा विषय दृष्टी हा आहे, दुसऱ्याचा वृत्ती. ज्या चालकाच्या नजरेतून दुचाकी निसटते त्याला जाकीट मदत करते. ज्याला दिसूनही फिकीर नाही त्याच्यापुढे पिवळा रंग दुबळा ठरतो. म्हणून एखादा जाकीट न घातलेला सायकलस्वार मागून उडवला गेला तर ‘त्याने जाकीट का घातले नाही’ हा प्रश्न आधी विचारण्याची जी सवय पडू लागली आहे, ती चांगली नव्हे. अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या मोटरसायकल अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, त्याने मोटरसायकलचा मार्ग अडवला होता. आडव्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना चालक मोठी वाहने शोधत असतो. ट्रक नाही, बस नाही, एवढी खात्री झाली की तो गाडी पुढे घेतो. मोटरसायकल समोर असते, डोळ्यांवर तिची प्रतिमाही पडते, तरी मन तिची दखल घेत नाही.

जाकिटाची दोन अंगे आहेत आणि बहुतेक ग्राहक त्यांची गल्लत करतात. पिवळा किंवा नारिंगी चमकता रंग हा दिवसाचा सोबती आहे. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण तो शोषतो आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत फेकतो, म्हणून तो उजेडापेक्षाही उजळ भासतो. पहाटेच्या फटफटीत आणि तिन्हीसांजेला हा गुण विशेष उपयोगी पडतो. सूर्य पूर्ण मावळला की मात्र त्याची पुंजी संपते. वाहनांच्या दिव्यांत अतिनील किरण जवळपास नसतातच, त्यामुळे रात्री ते पिवळे कापड साध्या कापडासारखेच होऊन बसते. रात्रीचे काम रुपेरी पट्ट्यांचे. त्यांत काचेचे अतिसूक्ष्म मणी बसवलेले असतात आणि ज्या दिशेने प्रकाश आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. परिणामी मोटारीच्या दिव्याचा झोत थेट त्या मोटारीच्या चालकाच्याच डोळ्यांकडे परततो. याचा अर्थ असाही होतो की ज्याचा दिवा तुमच्यावर पडत नाही, त्याला पट्टी दिसत नाही. चौकात आडवा येणारा, अजून वळायचा असलेला ट्रक पट्टीच्या लाभात येत नाही. तेथे स्वतःचा दिवाच हवा.

पट्टी अंगावर कोठे असावी यालाही महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधक जोॲन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री बंद रस्त्यावर चालकांना मोटार चालवायला लावून त्यांना सायकलस्वार केव्हा ओळखू येतो हे नोंदवले. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार शंभरातून दोनदाच ओळखला गेला. केवळ चमकते जाकीट घातलेला पंधरा वेळा, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घातलेला पन्नास वेळा, आणि त्या जाकिटासोबत गुडघ्यांवर व घोट्यांवरही पट्ट्या बांधलेला नव्वद वेळा. कारण साधे आहे. स्थिर चमकणारी पट्टी मैलाचा दगडही असू शकते, रस्त्याकडेचा खांबही. वर-खाली फिरणारे दोन ठिपके मात्र माणसाच्या पायांचेच असतात आणि मेंदू ते क्षणात ओळखतो. घोट्याला बांधायची पट्टी जाकिटाहून स्वस्त असते आणि तरी ती फारच थोड्यांच्या पायांत दिसते.

दुचाकीचा हा सारा इतिहास नगरला परका नाही. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. ही कंपनी उभी केली हस्तीमल फिरोदिया यांनी, आणि नगर-दौंड रस्त्यावरचा तिचा कारखाना जिल्ह्यातील अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवणारा ठरला. नगरच्या कुंदनमल फिरोदियांच्या घराण्याने, म्हणजे मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचलेल्या त्या वकिलांच्या घराण्याने, सामान्य दुकानदाराच्या हाती पेडल मारून सुरू होणारे हे पन्नास सीसीचे वाहन दिले, याचा समाजाला रास्त अभिमान आहे. त्या काळच्या मोपेडचा दिवा मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चाले. इंजिन मंदावले की दिवाही मंदावे, आणि खड्डा पाहून वेग कमी केला की नेमका खड्डाच दिसेनासा होई. आज ती अवस्था राहिलेली नाही. १ एप्रिल २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो आणि बंद करता येत नाही. सुरुवातीला समोरून येणारे लोक हाताची मूठ उघडझाप करून ‘दिवा चालू राहिला आहे’ असे सौजन्याने कळवीत. खेड्यांत अजूनही कळवतात. ऑकलंडचा २७ टक्क्यांचा आकडा आठवला तर दिवसाचा तो दिवा निरर्थक जळत नसल्याचे लक्षात येईल. वाहनांची मान्यता-चाचणी करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन विभागाची व्हीआरडीई, नगरजवळच वाहननगरला आहे. तेव्हा दिवे-परावर्तकांची ही विद्या जिल्ह्याच्या अंगणातच नांदते, असे म्हणायला हरकत नाही.

आता मर्यादांकडेही पाहिले पाहिजे. पाथर्डीहून नगरकडे येणारा रस्ता पश्चिमेकडे धावतो. सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात तिकडे येणाऱ्या प्रत्येक चालकाच्या डोळ्यांत सूर्य असतो, काचेवर धूळ असते, आणि पुढचा दुचाकीस्वार काळ्या सावलीसारखा दिसतो. सूर्य त्याच्या पलीकडे असल्याने पाठीवरचा पिवळा रंग उजळत नाही. अशा वेळी मागचा लाल दिवा चालू असणे हीच मोठी गोष्ट. दसरा-दिवाळीच्या दिवसांत झेंडूच्या मळ्यांच्या कडेने जाणारे पिवळे जाकीट पार्श्वभूमीत मिसळून जाते. तेथे काळा कोटसुद्धा कदाचित अधिक उठून दिसेल. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब अख्खी मोटरसायकल झाकू शकतात आणि झाकलेल्या वस्तूचा रंग कोणताही असो, ती दिसत नाही.

वेगाचा हिशोब तर निष्ठुर आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. पुढे काही आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेले तर गाडी ब्रेक न लागताच चव्वेचाळीस मीटर पुढे आलेली असते, थांबायला लागणारे अंतर त्यापुढे वेगळेच. खाली झुकवलेल्या दिव्याच्या उजेडात गडद कपड्यांतील माणूस बहुधा याहूनही कमी अंतरावर दिसू लागतो. परावर्तक पट्टी हे अंतर कित्येक पटींनी वाढवते, आणि तिचे सारे मोल त्या वाढीत आहे. मात्र मोटरसायकलस्वार स्वतः ऐंशीने जात असेल आणि पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल, तर त्याच्या अंगावरच्या जाकिटाचा त्याला काही उपयोग नाही. तेथे दिसायला हवी ती ट्रॉली. १९५० च्या सुमारास लोणीला आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हा ऊस बैलगाडीने येई आणि गाडीखाली कंदील लोंबे. आज जोडीने ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे लोंबणारे उसाचे वाढे नेमके रिफ्लेक्टर झाकून टाकतात. हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या आवारात रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, त्यांची छायाचित्रेही छापून येतात. पण तो लाल चौकोन फेब्रुवारीपर्यंत चिखलाने माखलेला असतो आणि पुसणारा कोणी नसतो. ज्यांच्या मालाची वाहतूक अशा ट्रॉल्यांतून होते त्या अडत्यांनी आणि दुकानदारांनी भाडे ठरवताना मागच्या दिव्याची एकदा विचारपूस केली तर ती गाडीवाल्यालाही ऐकू येते.

साधू-साध्वींच्या विहाराचा विचार या संदर्भात अटळ आहे. राष्ट्रसंत आचार्य आनंदऋषीजी महाराज साहेबांचा जन्म १९०० मध्ये चिचोंडीला झाला, १९१३ मध्ये मिरजगावी त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे आयुष्यभर पायी संचार केला. त्या आरंभीच्या काळी रस्त्यावर बैलगाडीच अधिक भेटे. आज त्याच वाटा चौपदरी झाल्या आहेत आणि विहारातील अपघातांच्या वार्ता दरवर्षी मन विषण्ण करतात. ईर्यासमिती चालणाऱ्याला पुढची साडेतीन हात भूमी निरखून पाऊल टाकायला सांगते. नजर जमिनीवर असलेल्या त्या जिवाला मागून येणारा ट्रक कसा दिसावा? शुभ्र वस्त्र काळ्या डांबरावर दिवसा उठून दिसते हे खरे, परंतु पहाटेच्या धुक्यात पांढऱ्या रंगाचा आधार उरत नाही, आणि पांढरे कापड परावर्तक पट्टीसारखा प्रकाश परत फिरवीत नाही. परंपरेने साधू दिवा-विजेचा वापर टाळतात. वेषाला जाकीट जोडणे हेही त्यांच्या मर्यादेत बसणारे नाही. म्हणून हा भार श्रावकांवर येतो. अनेक गावांतील विहार सेवा गटांचे तरुण परावर्तक जाकीट घालून पुढे-मागे चालतात, ही स्तुत्य प्रथा आहे. तिच्यात एक दुरुस्ती सुचते. सर्व तरुण महाराज साहेबांच्या भोवती घोळका करून चालतात. त्यांपैकी एकाने तीस-चाळीस पावले मागे राहिले, आणि घोट्यांवर पट्ट्या बांधल्या, तर चालकाला सूचना मिळण्याची वेळ वाढते. वृद्ध साध्वीजींच्या व्हीलचेअरच्या पाठीला आणि चाकांच्या आऱ्यांना रिफ्लेक्टर लावण्यात कोणतीही अडचण नाही. परावर्तक पट्टीत काही जळत नाही, काही पेटत नाही, त्यामुळे जयणेच्या दृष्टीनेही ती निर्दोष ठरावी.

दुकानदाराची एक जबाबदारी मात्र बोलली जात नाही. घरचा मुलगा गाडी घेऊन निघाला की आई हेल्मेटची आठवण करते. किराण्याचे बाचके सायकलच्या कॅरियरवर बांधून अंधारात गावकुसाबाहेर पोहोचवणाऱ्या कामगाराला ती आठवण कोण करून देतो? त्याच्या सायकलीला मागचा लाल रिफ्लेक्टर आहे का, पेडलचे पिवळे तुकडे शाबूत आहेत का, हे मालकाने दिवाळीच्या बोनसबरोबर एकदा पाहावे. त्याला जाकीट द्यायचे तर ते त्याच्या पगारातून कापू नये. मोटरसायकलवर फिरणाऱ्या वसुलीच्या मुनीमजींचेही तेच. हेल्मेट मात्र जाकिटाच्या बदल्यात सुटत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा व सहप्रवाशांचा मृत्यू झाला. नवे घ्यायचेच असेल तर काळ्याऐवजी पांढरे घ्यावे.

जाकीट विकत घेताना कापड बाजारातील डोळा कामाला लावावा. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५८०९. लेबलावर ते आहे का पाहावे. पट्टी निदान पाच सेंटीमीटर रुंद हवी आणि ती पाठीवर, छातीवर सलग फिरलेली हवी. स्वस्त जाळीदार जाकिटांत पट्टी नुसती रुपेरी असते, परावर्तक नसते, आणि दिवसाउजेडी दोन्ही सारख्याच दिसतात. परीक्षा दुकानातच करता येते: दिवे मालवून, मोबाईलची बॅटरी डोळ्याच्या कडेला कानशिलाशी धरून दहा पावलांवरून जाकिटावर उजेड टाकावा. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी उठते, खोटी करडी राहते. एकदा घेतलेले जाकीट जन्मभर पुरत नाही. उन्हाने पिवळा रंग विटतो, धुण्याने मणी झडतात, धुळीने दोन्ही झाकतात. आणि उधारीच्या वहीची ती पिशवी किंवा मुलाचे दप्तर पाठीवर अडकवले की सगळी पट्टी त्याखाली जाते. त्यावर उपाय शिंप्याकडे आहे: मीटरवर मिळणारी परावर्तक फीत पिशवीच्या मागच्या अंगाला आडवी शिवून घ्यावी, दोन रांगांत, आणि उरलेल्या तुकड्याची घोट्यासाठी एक वेलक्रोची पट्टी करून घ्यावी.